'असंघटित' : एका विशेषणाचा भिवंडीतील इतिहास

ठाणे जिल्ह्यातील भिवंडीविषयी गेल्या अर्धशतकात जे अहवाल, निवाडे व प्रबंध लिहिले गेले, त्यांत एक विशेषण इतक्या नियमाने येते की वाचकाच्या डोळ्यांस ते दिसेनासे झाले आहे. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा विणकर, घरच्या ओसरीवर कांड्या भरणारी स्त्री, तागे वाहून नेणारा हमाल, गोदामात खोकी लावणारा तरुण हे सर्व 'असंघटित कामगार' या एकाच नामावळीत बसविले जातात. शब्दाचा सरळ अर्थ घ्यावा तर ज्यांची संघटना नाही ते असंघटित. परंतु कायद्याने व संख्याशास्त्राने या शब्दाला जे अर्थ दिले ते या सरळ अर्थापासून फार दूर गेलेले आहेत, आणि तरीही उच्चार होताच मनात उमटतो तो सरळ अर्थच. त्यामुळे एक विचित्र परिणाम घडतो. कारखान्याची नोंद नसणे, हजेरीपटावर नाव नसणे, कायद्याने पाठ फिरविणे ही जी परिस्थिती कामगाराने निर्माण केलेली नाही, तिचे वर्णन त्याच्या अंगच्या उणिवेसारखे वाचले जाते. हा दोष शब्दात कसा शिरला, हे पाहण्यास भिवंडीसारखे दुसरे गाव नाही.

प्रथम व्युत्पत्तीचा प्रश्न. 'संघ' आणि 'संघटित' हे शब्द कानाला एकाच कुळातले वाटतात. ते तसे नाहीत. 'संघ' हा सम् उपसर्ग लागलेल्या हन् धातूपासून सिद्ध होतो आणि पाणिनीने त्याला समूहवाचक म्हणून स्वतंत्र सूत्र दिले आहे. 'संघटित' येतो तो घट् धातूपासून. जुळणे, घडून येणे, खटपट करणे असा त्या धातूचा अर्थ. तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'असंघटित' म्हणजे न जुळलेला, एकत्र न घडविलेला. 'संघाचा सभासद नसलेला' हा अर्थ मराठी कानाने ध्वनिसाम्यामुळे त्याला चिकटविला आहे. भाषेत असे होतच असते, त्यात वावगे काही नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 'संघटित' हे कर्मणी धातुसाधित आहे; कोणीतरी जुळविले म्हणजे ते जुळते. 'असंघटित' म्हणताना कोणी जुळविले नाही, किंवा कोणी जुळू दिले नाही, हा कर्ता वाक्यातून गळतो.

या जोडशब्दाच्या दुसऱ्या अर्धाचा इतिहासही काही कमी मौजेचा नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठीत 'कामगार' म्हणजे बहुधा सरकारी अंमलदार. जोतीराव फुले यांच्या लेखनात हा शब्द वारंवार येतो, तो श्रमिकांसाठी नव्हे, तर रयतेला नाडणाऱ्या सरकारी नोकरांसाठी. श्रम करणारा तो 'मजूर'. पुढे काही दशकांत अर्थाची अदलाबदल झाली. १९०९ साली मुंबईत 'कामगार हितवर्धक सभा' स्थापन झाली तेव्हा या नावातील कामगार कोण, हे कोणास सांगावे लागले नाही. तथापि 'मजूर' शब्दही राजकारणातून लगेच हद्दपार झाला नाही. १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी काढलेल्या पक्षाचे नाव 'स्वतंत्र मजूर पक्ष' असेच होते. मुंबईच्या गिरणगावात मात्र 'कामगार' हा शब्द रूढ झाला आणि त्याला एक प्रकारचा ताठ कणा आला. गिरणी कामगार म्हणजे ज्याला पाळी आहे, तिकीट नंबर आहे, ज्याच्या नावावर युनियन बोलते असा मनुष्य.

हा कणा प्रथमपासून संघटनेमुळे आला, असे मात्र म्हणता येत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० नंतरच्या दशकात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, निवेदने दिली आणि १८९० साली रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळविली. त्यांच्या 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन'ला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. तत्कालीन सरकारी अहवालाने नेमक्या याच कारणास्तव ती संघटित युनियन नव्हे असा शेरा मारला. १९१९ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांतील एक लाखाहून अधिक कामगार संपावर गेले, तेव्हाही त्यांच्यामागे टिकाऊ अशी एकही युनियन नव्हती. गिरणी कामगार महामंडळ, गिरणी कामगार युनियन या संस्था पुढच्या दशकातल्या. चाळ, गाववाले, खानावळ, जॉबरची ओळख या धाग्यांनी माणसे जुळत होती. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गावरील १९९४ च्या आपल्या ग्रंथात या वस्त्यांतील नात्यांचे महत्त्व विस्ताराने दाखविले आहे. युनियन नसणे व न जुळलेले असणे या दोन भिन्न स्थिती होत, हे मुंबईच्या इतिहासावरूनच सिद्ध होते. एकाच शब्दाने दोहोंचा बोध करून देण्याची सवय नंतरची आहे.

आता भिवंडीकडे वळावे. १८५७ च्या उठावानंतर, आणि पुढे दुष्काळांच्या काळात, उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे आली; मालेगाव, धुळे, भिवंडी येथे त्यांचे हातमाग खडखडू लागले. १९३० नंतरच्या दशकात वीज आली आणि मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीत आले. ज्या यंत्रावर मुंबईतील कामगार कारखाना कायद्याखाली काम करीत होता, तेच यंत्र कल्याणची खाडी ओलांडून आल्यावर त्यावरील कामगार त्या कायद्याबाहेर गेला, कारण यंत्र तेच असले तरी छप्पर बदलले होते. डग्लस हेन्स यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पश्चिम हिंदुस्थानातील लहान गावांच्या या भांडवलशाहीचा जो वृत्तांत दिला आहे, त्यात कालचा हातमागवाला आजचा यंत्रमाग-मालक कसा झाला हे तपशिलाने आले आहे. ज्याला तसे होता आले नाही तो मजुरीवर राहिला. पुढे तेलंगणातून पद्मशाली आले, उत्तर प्रदेश, बिहार व ओडिशातून तरुण आले.

येथे कायद्याची भाषा पाहिली पाहिजे, कारण 'असंघटित' या शब्दाचा खरा जन्म तिच्या पोटी झाला. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात लहान कारखान्यांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्याने वापरलेल्या विशेषणाचा मराठी अर्थ 'अनियंत्रित' असा होतो, आणि ते विशेषण कारखान्याला लावले होते, कामगाराला नव्हे. भेद बारीक वाटला तरी निर्णायक आहे. उणीव कोठे आहे हे त्या शब्दाने अचूक सांगितले होते : कायदा जेथे पोचला नाही ती ही जागा. १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा व विजेशिवाय चालणाऱ्या जागेसाठी वीस कामगारांची मर्यादा घातली. राज्य शासनास कलम ८५ अन्वये या मर्यादेखालील जागाही कायद्याच्या कक्षेत आणता येत होत्या. म्हणजे दहाचा आकडा हा काही निसर्गनियम नव्हता. परंतु व्यवहारात तो निसर्गनियमासारखाच चालला. भिवंडीत एका छपराखाली मागांच्या रांगा असाव्यात, आणि कागदावर मात्र त्यांचे चार, सहा, आठ मागांचे निरनिराळे 'कारखाने' भाऊ, पुतणे, पत्नी यांच्या नावांवर नोंदविलेले असावेत, ही रीत पडली. १९५० नंतरच्या काळात उत्पादनशुल्काच्या सवलतीही थोड्या मागांच्या घटकांनाच मिळत असल्यामुळे या विभागणीला दुहेरी लाभ होता. १९६३-६४ मध्ये अशोक मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने यंत्रमाग धंद्याची चौकशी केली तेव्हा हे तुकडे पाडण्याचे तंत्र पुरते रुळले होते. दहावा मनुष्य मोजला जाऊ नये एवढ्यासाठी केलेला हा सारा खटाटोप काटेकोर संघटनेचा नमुना होय. फक्त संघटित झाले ते मालक.

शब्दाला अधिकृत प्रतिष्ठा दिली ती राष्ट्रीय श्रम आयोगाने. १९६६ साली नेमलेल्या या आयोगाचे अध्यक्ष निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर हे होते आणि अहवाल १९६९ साली आला. आयोगाने असंघटित श्रमिकांची व्याख्या अशी केली की, समान उद्दिष्टासाठी ज्यांना काही अडचणींमुळे एकत्र येता आलेले नाही ते. अडचणी पाच दिल्या : कामाचे तात्पुरते स्वरूप, अज्ञान व निरक्षरता, अल्प भांडवलाचे लहान घटक, घटकांचे विखुरलेपण, आणि एकट्याने किंवा जुटीने वागणाऱ्या मालकाचे वरचढ बळ. ज्यांना ही व्याख्या लागू करावयाची त्या वर्गांत हातमाग व यंत्रमागावरील श्रमिकांचाही समावेश होता.

ही व्याख्या पुढील पन्नास वर्षे उद्धृत होत राहिली, म्हणून तिची बारकाईने परीक्षा करणे अवश्य आहे. भिवंडीला पाच कारणे लावून पाहिली म्हणजे त्यांतील दोन कारणे तेथे लंगडी पडतात. विखुरलेपण हे बिडी वळणाऱ्या खेडोपाडीच्या स्त्रियांचे खरे; भिवंडीत काही लाख माग थोड्या चौरस मैलांत दाटीने बसले आहेत आणि एका गल्लीतील खडखडाट दुसऱ्या गल्लीत ऐकू येतो. निरक्षरतेचे कारणही नीट टिकत नाही, कारण १९१९ चा मुंबईचा गिरणी कामगार काही सुशिक्षित नव्हता. लहान घटक हे कारण खरे, पण ते मूळ कारण नसून पाचव्या कारणाचे कार्य आहे, हे वर पाहिलेच. उरले तात्पुरते काम आणि मालकाचे बळ. आयोगाने हे बळ सर्वांत शेवटी घातले. या क्रमामुळे अहवाल वाचणाऱ्यांच्या पिढ्यांना आरंभीची चार कारणे आठवली आणि पाचवे तळटीपेसारखे राहिले, असे म्हणण्यास जागा आहे.

त्याच १९६९ साली महाराष्ट्र विधिमंडळाने दुसरा एक शब्द निवडला, आणि तो अधिक चांगला होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून जो माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा अधिनियम झाला, त्यात 'असंघटित' हे पद नसून 'असंरक्षित कामगार' हे आहे. कल्याण व लाभ यांविषयीच्या कायद्यांचे पुरेसे संरक्षण ज्याला नाही तो असंरक्षित, असा त्याचा आशय. येथे उणीव कायद्याची आहे हे शब्दच सांगतो; एवढेच नव्हे तर ती भरून काढण्याची जबाबदारी कोणाची हेही त्यात सूचित होते. उपाययोजनाही त्या अर्थाला धरून होती. त्रिपक्षीय मंडळ नेमावयाचे, मालकाने मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची, कामगाराने ती मंडळाकडून घ्यावयाची. एका व्यापाऱ्याकडे सकाळी व दुसऱ्याकडे दुपारी ओझे वाहणारा हमाल अशा रीतीने भविष्यनिर्वाह निधीचा व उपदानाचा धनी झाला. त्याचा कायमचा मालक कोण, हा प्रश्नच या रचनेने निरुत्तर केला. पुण्यात हमाल पंचायतीने रूढ केलेला 'अंगमेहनती' हा शब्दही याच जातीचा. तो माणसाजवळ काय नाही हे न सांगता तो काय करतो हे सांगतो. भिवंडीच्या कापडपेठेत यामुळे एक विरोधाभास उत्पन्न झाला. तागा विणणारा 'असंघटित' राहिला आणि तोच तागा उचलणाऱ्याला कायद्याचे मंडळ मिळण्याची वाट खुली झाली. विणणाऱ्याला 'असंरक्षित' म्हणावे असे कोणास सुचले नाही, ही गोष्ट या धंद्याच्या इतिहासात लहान नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या संपाच्या वृत्तांतात भिवंडीचे नाव एका वाक्यापुरते येते : मालकांनी संपकाळात कापड भिवंडीच्या मागांवर विणून घेतले. वाक्य खरे आहे. पण शब्दार्थाच्या दृष्टीने त्यात बरेच भरलेले आहे. मुंबईचा कामगार 'संघटित' होता तो कोणत्या अर्थाने? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणी धंद्यात वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त प्रातिनिधिक युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, आणि तो कायदा रद्द व्हावा ही तर संपाची एक प्रमुख मागणी होती. कामगार ज्या संघटनेच्या पाठीशी उभे होते तिला कायदा ओळखत नव्हता, व कायदा जिला ओळखत होता तिच्या पाठीशी ते नव्हते. कायद्याच्या भाषेत ते संघटित, आणि त्या भाषेच्या विरुद्ध केलेल्या संपातही तितकेच संघटित! संप विधिवत मागे न घेता विरत गेला. कामावरून गेलेल्यांपैकी काहींना जुन्याच कसबावर, निम्म्याहून कमी वाटावी अशा कमाईवर, भिवंडीच्या मागांपुढे उभे राहावे लागले. विणणारे हात व कसब तेच. मुलुंड-ठाणे ओलांडताच त्यांचे विशेषण बदलले. याहून स्पष्ट पुरावा नको की, 'असंघटित' हा गुण माणसाचा नसून जागेचा आहे.

संख्याशास्त्राने हेच आपल्या रीतीने मान्य केले होते, पण शब्द न बदलता. सरकारी रोजगार-माहितीत 'संघटित क्षेत्र' म्हणजे सर्व सार्वजनिक आस्थापना आणि दहा किंवा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापना. युनियनचा त्यात काडीचा संबंध नाही. एखाद्या बँकेत युनियन नसली तरी ती संघटित. भिवंडीच्या एखाद्या गल्लीतील सगळे विणकर लाल बावट्याखाली आले तरी ते असंघटितच. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००४ ते २००९ या काळात व्याख्या अधिक रेखीव केली : व्यक्तीच्या किंवा घराण्याच्या मालकीची, दहापेक्षा कमी माणसे असलेली खाजगी आस्थापना म्हणजे असंघटित क्षेत्र. शिवाय संघटित क्षेत्रातही सामाजिक सुरक्षेविना राबणारे असतात, हे त्याने दाखविले व त्यांना धरून देशातील सुमारे ९२ टक्के श्रमिक अनौपचारिक ठरतात असा २००४-०५ च्या पाहणीवरून हिशेब मांडला. नकारार्थी उपसर्गाने दहांतील नऊ माणसांचे वर्णन करावयाचे, ही भाषेची चमत्कारिक अवस्था होय. 'अनौपचारिक' हा शब्द कीथ हार्ट यांच्या घानातील अभ्यासावरून १९७१ नंतर जगभर गेला. मराठीत तो प्रबंधांपलीकडे फारसा उतरला नाही. बोलण्यात 'अनौपचारिक' म्हणजे चहापाण्याच्या गप्पा.

भिवंडी हे केवळ मराठी गाव नाही. म्हणून तेथील इतर भाषांचाही कानोसा घेणे उपयुक्त ठरेल. हिंदीत 'असंगठित', तेलुगूत 'असंघटित' हे संस्कृत रूप जसेच्या तसे. उर्दूत 'गैर-मुनज्जम' म्हणतात. त्याचे मूळ 'नज्म' म्हणजे क्रम, शिस्त, ओवणी. 'तंजीम' म्हणजे संघटना हाही त्याच धातूचा. तेव्हा उर्दू वाचणाऱ्या विणकराला हा शब्द जो दोष देतो तो युनियन नसल्याचा नव्हे, तर अव्यवस्थितपणाचा. पण हे चारही शब्द कागदावरचे आहेत. कारखान्यात विणकर 'कारीगर' असतो, हिशेब ठेवणारा 'मेहता', मालक 'शेठ'. मजुरी मीटरावर किंवा विणीच्या धाग्यांवर मोजली जाते, आणि आठवड्याची उचल म्हणजे 'खर्ची'. इचलकरंजीकडे हाच 'खर्ची' शब्द वेगळ्या माणसाला लागतो. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. तेथील 'खर्चीवाला' म्हणजे माग स्वतःचे, पण सूत व्यापाऱ्याचे घेऊन मजुरीवर विणून देणारा लहान यंत्रमागधारक. मालक आणि मजूर यांमधील रेघ किती पुसट आहे हे त्या एका शब्दात दिसते, आणि 'असंघटित' ही छत्री या दोघांवरही उघडता येते.

'कारीगर' या संबोधनाचे दोन्ही पदर पाहण्यासारखे आहेत. त्यात कसबाचा मान आहे. पण कारीगर म्हटले की नोकरीचे नाते अंधुक होते. कारागिराला मजुरी असते, पगार नसतो, रजा नसते. 'कामगार' शब्दाबरोबर येणारा हक्क 'कारीगर' शब्दाबरोबर येत नाही. म्हणून युनियनचे कार्यकर्ते पत्रकात आवर्जून 'यंत्रमाग कामगार' लिहितात आणि शेठ प्रेमाने 'कारीगर' म्हणतो.

तरीही ही माणसे न जुळलेली आहेत काय? मराठीत 'भिशी' म्हणजे आळीपाळीने उचलावयाचा पैशाचा गट; भिवंडीत 'भिशी' म्हणजे परगावच्या कामगारांची सामाईक खानावळ. एका जिल्ह्याची, पुष्कळदा एका पंचक्रोशीची माणसे तेथे जेवतात. कोणत्या कारखान्यात मीटरामागे किती मिळते, कोणता शेठ खर्ची अडवितो, कोठे जागा रिकामी आहे ही बातमी तेथेच फिरते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, हातातली खर्ची संपली, भिशीची चूल विझली, आणि मे २०२० च्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिकांची विशेष गाडी निघाली. ज्यांना गाडी मिळाली नाही असे अनेक जण आग्रा रस्त्याने चालत निघाले. ते एकेकटे गेले नाहीत. टोळीटोळीने, गाववार गेले. त्यांना पोचविणारी जुळणी होती, फक्त तिची नोंद कोठल्याही निबंधकाकडे नव्हती.

गोदामांचा विस्तार हे भिवंडीचे अलीकडचे प्रकरण. मुंबईच्या जकातीच्या सीमेबाहेरची जागा म्हणून तालुक्यात गोदामे वाढली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली. तेथील आस्थापना व्याख्येप्रमाणे निःसंशय संघटित क्षेत्रातील. कामगार मात्र बहुधा कंत्राटदाराचा.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र शासनाने ई-श्रम नोंदणी सुरू केली. नोंद करणाऱ्याने आपण सोळा ते एकोणसाठ वयाचे असून भविष्यनिर्वाह निधीचे किंवा राज्य विमा योजनेचे सभासद नाही असे स्वतः जाहीर करावयाचे. मग त्याला बारा अंकी क्रमांकाचे पत्र मिळते. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तिच्यातही असंघटित क्षेत्राची व्याख्या दहापेक्षा कमी कामगारांवरच उभी आहे. पंचवीस वर्षे एका छपराखाली माग चालविणाऱ्या भिवंडीतील विणकराचे नाव ना हजेरीपटावर होते, ना वेतनचिठ्ठीवर. त्याचा धंदा विणकाम म्हणून सांगणारा पहिला सरकारी कागद त्याच्या हाती आला, तो 'असंघटित कामगार' या मथळ्याखाली. आणि त्या कागदावर कारखान्याच्या मालकाचे नाव लिहिण्यास रकाना नाही.